मूळ आणि रिमेक, दोन्ही डिस्कवर ठेवणारे कुणी आहेत का? (आणि 'शेजारी' कुणाकडे आहे का?)

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. परवा आमच्या गल्लीत अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, आला होता, त्याच्या हातगाडीवर रद्दीच्या गठ्ठ्याखाली एक खोकं दिसलं आणि त्यात उभ्या लावलेल्या डीव्हीडी. कुणीतरी घर रिकामं करताना किलोवर देऊन टाकल्या असणार. मी चपला न घालता तसाच खाली पळालो. २७ डिस्क निघाल्या, त्यातल्या १९ चालतायत, आणि त्यात साई परांजपेंचा १९८१चा 'चश्मे बद्दूर' निघाला. माझ्याकडे फक्त २०१३चा होता, डेव्हिड धवनवाला. आता जोडी पूर्ण झाली.

मी गेली बारा-तेरा वर्षं हेच करतोय. मूळ सिनेमा आणि त्याचा रिमेक, दोन्ही डिस्कवर मिळवायचे, दोन प्लेअर एकाच टीव्हीला जोडायचे आणि तोच प्रसंग एका संध्याकाळी लागोपाठ बघायचा. अख्खा सिनेमा नंतर, आधी तो एक प्रसंग. सगळ्या मिळून साडेसहाशेच्या आसपास डिस्क आहेत. निम्म्याहून जास्त त्या काळातल्या, जेव्हा २००७च्या सुमारास मोझर बेअरच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायला लागल्या. जेल रोडवरून येताना पगाराच्या दिवशी पाच-सहा तरी पिशवीत असायच्याच.

तर 'चश्मे बद्दूर'. चमको पावडर विकायला दीप्ती नवल दारात येते, घरात फारुख शेख एकटा, बादलीत फेस, आणि दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचत नाहीये. त्या न सुचण्यातच सगळं प्रेम आहे. कॅमेरा बसून राहतो, पार्श्वसंगीत येऊन सांगत नाही की आता प्रेम झालं बरं का. नव्या सिनेमात गोवा आहे, रंग आहेत, ऋषी कपूर मजा आणतो, पण कुणी दोन सेकंद गप्प बसत नाही. मी रागानं लिहीत नाहीये, नवा सिनेमाही मी पूर्ण बघितला. पण नवा बघून लगेच जुना लावला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जुन्यात ती शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. एरवी इतक्या वेळा बघूनही ती लक्षात आली नव्हती. म्हणून मला रिमेक हवा असतो. कोण चांगलं कोण वाईट हे ठरवण्यात मला रस नाही, मुळात काय होतं ते दाखवायला तो लागतो.

आणि हे दोन्ही सिनेमे ५ एप्रिल २०१३ला एकाच दिवशी थेटरात लागले होते, जुना नीट दुरुस्त करून पुन्हा काढला होता. असं आपल्याकडे क्वचितच होतं.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्याकडे कुठल्या जोड्या आहेत? आणि दुसरी, खरं म्हणजे त्यासाठीच धागा काढला. प्रभातचा 'शेजारी', १९४१चा, मराठी, कुणाकडे डिस्कवर आहे का? माझ्याकडे त्याचा हिंदी 'पडोसी' आहे. आई ८२ वर्षांची आहे, लहानपणी तिनं 'शेजारी' गणपतीत पडद्यावर बघितलेला, मांडवासमोर सतरंजीवर बसून. 'पडोसी' लावला तर म्हणाली, हा तो नाही रे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

रामबागकर, धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे लष्कर भागात आता एकही दुकान राहिलं नाहीये जिथं डिस्क मिळेल, मोबाइलच्या कव्हरांची दुकानं झाली सगळी.

माझी जोडी 'डॉन'. १९७८चा चंद्रा बारोट यांचा आणि २००६चा फरहान अख्तरचा. ह्यात आपल्या दोन्ही गावांचा हक्क आहे, सलीम खान इंदूरचे आणि जावेद अख्तर ग्वाल्हेरला जन्मलेले, तेव्हा मूळ पटकथा म्हणजे अर्धी तुमची अर्धी आमची, आणि रिमेक तर जावेदसाहेबांच्या मुलानंच केला.

मला ह्या जोडीत सगळ्यात आवडतं ते म्हणजे जुन्यात सगळी मारामारी एका लाल डायरीसाठी आहे आणि नव्यात त्या डायरीची डिस्क झाली. बाकी सगळं सोडा, एवढ्या एका बदलात २८ वर्षं दिसतात. डायरी प्रत्येकाच्या हातात दिसते, कोण हिसकावतंय, कोण लपवतंय, प्रेक्षकाची नजर त्या लाल रंगावरनं हटत नाही. डिस्क मात्र कुठल्याही डिस्कसारखीच दिसते, तिच्यात काय आहे ते कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं.

आणि शेवट. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडा. जुन्यात विजय हा विजयच राहतो, गंगेकिनारेचा भोळा माणूस जिंकतो. नव्यात कळतं की भोळा केव्हाच मेला आणि इतका वेळ आपण डॉनलाच टाळ्या वाजवत होतो. आणि इफ्तेखारचा डीएसपी किती सरळ माणूस, नव्यातला बोमन इराणी तर स्वतःच वरधान, म्हणजे खलनायक. मला हा रिमेक मनापासून आवडतो कारण त्यानं जुना पाठ आहे असं समजून आपल्याला फसवलं. ज्यानं जुना बघितला नाही त्याला नव्याची अर्धीच मजा.

छप्पनवाली (इंदूर)

काका तुम्ही रामबागेत आणि मी पलीकडे लोकमान्यनगरला, इतक्या जवळ असून कळलं नाही!

माझं थोडं वेगळं मत आहे. सगळे म्हणतात मूळच चांगलं असतं, पण मग 'अशी ही बनवाबनवी'चं काय करायचं? १९६६चा हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' मी मुद्दाम शोधून बघितला, खोली मिळत नाही म्हणून मित्रांपैकी दोघं बायका होतात ही गोष्ट तिथलीच. सिनेमा गोड आहे, गाणी आहेत, पण १९८८चा मराठी बघितलेल्या माणसाला तो अपुरा वाटतो. कारण मराठीत प्रत्येक प्रसंगाला दुसरा प्रसंग चिकटलेला आहे, सचिनची सुधा आणि लक्ष्याची पार्वती एकदा घरात शिरल्या की मग घरमालकीण, अशोक सराफ, ते डोहाळजेवण, एकही धागा सुटत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे आणि अर्ध्या लोकांना तो रिमेक आहे हेच माहीत नाही. ज्याची मूळ प्रत लोक विसरले तो रिमेक मोठाच म्हणायला पाहिजे ना?

आणि 'सैराट'-'धडक' ही जोडी मला बघवत नाही. 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा आहे, आणि त्यातला हैदराबादचा भाग, ती झोपडपट्टीतली खोली, डोसे, भांडणं, संशय, तो सगळा कंटाळवाणा नव्हे तर आवश्यक वेळ आहे. आपण त्या दोघांबरोबर संसार करतो. 'धडक'नं तो वेळ छाटला आणि जात जवळजवळ न बोलता ठेवली. मग शेवट बदलून कितीही धक्का दिला तरी काय उपयोग. शेवटी बाळाची ती पावलं आणि बंद झालेला आवाज, ह्याला तीन तास खर्च केल्याशिवाय येत नाही हो.

रामबागकर

छप्पनवाली, बनवाबनवीबद्दल शंभर टक्के मान्य. मी मूळ चांगलं असं म्हणत नाहीये, मूळ हाताशी हवं एवढंच म्हणतोय. तुम्ही १९६६चा शोधून बघितला म्हणून तर हे बोलू शकलात.

लष्करवाला, डायरी आणि डिस्कचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्री दोन्ही लावतो.

पेटीवाली ताई (इंदूर)

मी सिनेमावाली नाही, गाणं शिकवते, पण एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण ती डिस्कशीच जोडलेली आहे. माझ्याकडे एका जुन्या सिनेमाची व्हीसीडीही होती आणि डीव्हीडीही. एका विद्यार्थिनीला गाणं बसवताना व्हीसीडी लावली, पेटी समोर घेतली, आणि सूर लागेना. काळी चार धरली तर गाणं वर, पांढरी सहा धरली तर गाणं खाली. दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकलेलं. मला वाटलं पेटी उतरली. मग डीव्हीडी लावली तर काळी चारला बरोब्बर बसलं.

माझ्या भाच्यानं मग समजावलं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर शूट होतो आणि आपल्याकडची व्हीसीडी पाल या टीव्हीच्या पद्धतीची, सेकंदाला २५. तेव्हा सोपा मार्ग म्हणून अख्खा सिनेमा थोडा जोरात पळवतात, चार टक्के. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो, आणि सूर जवळजवळ पाऊण पट्टी वर चढतो. डीव्हीडी दुसऱ्या पद्धतीची होती म्हणून तिथं वेग बदलला नव्हता. सामान्य माणसाला कळत नाही, पण किशोरकुमारचा आवाज किंचित पोरसवदा वाटतो, लताबाईंचा आणखी बारीक. ज्या शहरात लताबाई जन्मल्या तिथं बसून त्यांचा चुकीच्या सुरातला आवाज ऐकायचा हे मला सहन होत नाही. तेव्हा जुन्या-नव्याची तुलना करताना, विशेषतः गाण्यांची, आधी दोन्ही डिस्कची एकूण मिनिटं बघा.

छप्पनवाली

ताई, मी आत्ता घरातल्या चार व्हीसीडी काढून मिनिटं तपासली. एकात खरंच सहा मिनिटं कमी आहेत. दुसऱ्यात मात्र २२ मिनिटं कमी निघाली, म्हणजे ती पळवलेली नाही, कापलेली आहे. दोन डिस्कमध्ये बसावा म्हणून असणार, कारण एका व्हीसीडीत ७४ किंवा ८० मिनिटंच मावतात. दोन गाणी गायब. इतकी वर्षं माझ्या मनात तो सिनेमा दोन गाण्यांविनाच होता.

रामबागकर

ताई, हे वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. अगदी खरं आहे.

कापाकापीवरून आठवलं. एक कंपनी होती, नाव घेत नाही, त्यांच्या डीव्हीडीवर उजव्या कोपऱ्यात त्यांचं चिन्ह सिनेमाभर चिकटलेलं असायचं. मीनाकुमारीच्या चेहऱ्याजवळ ते चिन्ह. शिवाय चौकोनी जुनं चित्र आता रुंद टीव्हीवर भरावं म्हणून वरखाली छाटलेलं. जुन्या सिनेमाची चौकट १.३७ला १ अशी जवळजवळ चौकोनीच असायची, दिग्दर्शकानं त्या चौकोनात डोकं, हात, दिवा, खिडकी सगळं मांडलेलं असतं. छाटल्यावर नाचणाऱ्या बाईचे पायच जातात. रिमेकवाल्याच्या दोन पावलं आधी डिस्कवाल्यानंच सिनेमा नव्यानं बनवून टाकला म्हणायचा.

'मुघल-ए-आझम'चंही तसंच. १९६०चा काळा-पांढरा, त्यात शीशमहालाचं गाणं रंगीत होतं, आणि तो रंग अचानक उघडायचा. २००४ला सगळाच रंगवला. कष्ट खूप घेतले त्यांनी, मला मान्य आहे, पण सगळंच रंगीत झाल्यावर शीशमहालात शिरताना जो श्वास थांबायचा तो कुठून थांबणार? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि पोरांना मी आधी काळा-पांढराच दाखवतो.

सुरसागर (वडोदरा)

रामबागकर, तुमचा 'शेजारी' माझ्याकडे आहे. व्हीसीडी, दोन डिस्कची. वडिलांनी घेतली होती, दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे तिथल्या कपाटात. आज काढून बघितली, पहिली चांगली आहे, दुसरीवर ओरखडे आहेत, पण चालू होते.

आणि तुमचा 'पडोसी' बघून आईंना 'हा तो नाही' का वाटलं ते मी सांगतो. ही जोडी मूळ आणि रिमेक अशी नाहीच, ही जुळी भावंडं आहेत. शांतारामबापूंनी दोन्ही भाषांत एकाच वेळी केला, तेच गाव, तेच धरण. मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार. पण मराठीत त्यांचा शेजारी पाटील म्हणजे केशवराव दाते, आणि हिंदीत ठाकूर झालेत मझहर खान. म्हणजे हिंदीत मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान, १९४१ साली, मुद्दाम ठरवून. आईंच्या डोळ्यासमोर केशवराव दाते असणार. प्रभातनं 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने', 'माणूस' आणि 'आदमी' अशा आणखीही जोड्या केल्या, तेव्हा डबिंगवर सिनेमा सोडायचा नाही, पुन्हा उभा करायचा अशी पद्धत होती.

आणि रिमेक हा काही आजचा रोग नाही बरं का. ज्यांनी आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं त्या फाळक्यांनी १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' केला आणि १९१७ला तीच गोष्ट स्वतःच पुन्हा केली.

मी पुढच्या शनिवारी अवंतिका एक्सप्रेसनं इंदूरला येतोय, बहिणीकडे. डिस्क घेऊन येतो. कुरियरनं पाठवणार नाही, मागं एकदा एक डिस्क पाठवली होती ती दोन तुकडे होऊन पोचली.

रामबागकर

दादा, मला काय लिहावं सुचत नाहीये. या. जेवायला घरीच या. आईला अजून सांगितलेलं नाही.

लष्करवाला

सुरसागर, त्या ओरखड्यांसाठी एक लक्षात ठेवा. व्हीसीडीचा खालचा चकचकीत भाग पुसताना मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल फिरवून कधीच नाही. गोल ओरखडा पडला तर तो रांगेनं सगळा डेटा खातो, आडवा पडला तर मशीन उडी मारून पुढं जातं. आणि वरच्या छापील बाजूला जास्त जपा, लोक उलटं समजतात. सीडीत धातूचा पातळ थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, तिथं नख लागलं तरी भोक पडतं. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधे असतो म्हणून जरा सुरक्षित. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवल्या असतील तर आधी काढा, ती पाकिटं पावसाळ्यात चिकटतात.

छप्पनवाली

मधेच एक विचारते. 'एक रुका हुआ फैसला' आणि त्याचं मूळ '१२ अँग्री मेन', ज्युरीतल्या बारा जणांची गोष्ट, कुणी लागोपाठ बघितलेत? आमच्या भिशीत हाच विषय निघाला होता. १९५७चा ९६ मिनिटांत आटोपतो, बासू चटर्जींचा १९८६चा बराच लांब. पंकज कपूर शेवटी कोसळतो ते मला मुळापेक्षा जास्त भिडतं. पण एक खटकलं, १९८६ला आपल्याकडे ज्युरी होती कुठं? तेव्हाच्या, १९७३च्या फौजदारी संहितेत ती नव्हतीच. तरी कुणी विचारलं नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच झालं. बारा माणसं एका खोलीत उकाड्यात बसून भांडतायत हे आपल्याला कायद्याशिवाय पटतं, आपल्या सोसायटीच्या मीटिंगा अशाच असतात.

लष्करवाला

पंकज कपूरबद्दल सहमत. पण के. के. रैना जसा हळू बोलतो ना, मुळातला हेन्री फोंडा तसा नाही बोलत. रैना स्वतःलाच समजावतोय असं वाटतं. फोंडाला पहिल्यापासून खात्री आहे.

पेटीवाली ताई

रामबागकर, शनिवारी मीही आले तर चालेल का? 'शेजारी'तली गाणी मला ऐकायची आहेत. पेटी घेऊन येते.

रामबागकर

ताई, विचारायचं काय त्यात. लोकमान्यनगरवाल्यांनीही यावं.

रामबागकर

मंडळी, शनिवार झाला, आता रविवार सकाळचे सहा वाजतायत, कालचं लिहून टाकतो.

सुरसागर दुपारी आले, डिस्क एका पंच्यात गुंडाळून आणल्या होत्या. संध्याकाळी ताई आल्या, छप्पनवाली आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई. आईला पलंगावरून खुर्चीत आणून बसवलं, चष्मा पुसून दिला. तिला सांगितलं सिनेमा लावतोय, कुठला ते नाही. पाटी आली तेव्हा तिनं काही म्हटलं नाही. केशवराव दाते पहिल्यांदा दिसले तेव्हा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो पुढं तासभर तिथंच होता.

ताईंनी पहिल्या गाण्याला पेटीचा भाता धरला, काही वेळ शोधलं, मग हळूच म्हणाल्या वर चढलेलंच आहे, आणि पेटी बंद करून नुसत्या ऐकत बसल्या.

दुसरी डिस्क धरणाच्या प्रसंगाच्या जरा आधी अडकली. चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला. लष्करवाल्यांनी सांगितलं तसं चष्म्याच्या कापडानं मधून बाहेर, मधून बाहेर पुसलं. दुसऱ्यांदा अडकली तेव्हा ती जुन्या प्लेअरमध्ये घातली, तो रेडा आहे, काहीही वाचतो. तिसऱ्यांदा गेली पुढं. मधली दीड-दोन मिनिटं गेली ती गेलीच. पण धरण फुटलं ते सगळं दिसलं, आणि दोघं शेजारीही.

मग मी नेहमीसारखा इनपुट बदलून 'पडोसी'त तोच प्रसंग लावला. पाणी तेच. जागीरदार तेच, पण मला तरी ते इथं वेगळे वाटले, दात्यांकडे बघताना थकलेले आणि मझहर खानकडे बघताना जरा ताठ. सुरसागर म्हणाले पुन्हा लावा. आम्ही तो शेवट दोन्हीकडून तीन-तीनदा बघितला. साडेअकरा वाजले.

आई म्हणाली, आता तो पहिला लाव, सुरुवातीपासून. मी म्हटलं उद्या लावतो, उशीर झालाय. तर म्हणाली, ते बडोद्याचे उद्या डिस्क परत घेऊन जातील ना.

सुरसागर आत्ता आतल्या खोलीत झोपलेत. रात्री बहिणीला फोन करून सांगितलं की सोमवारी येतो. चहा ठेवलाय, पोहे भिजवलेत, आई खुर्चीत येऊन बसली आहे.